सहावी वाटी

नाकोबांचं नाक चुकत नाही, हे कंपनीतलं पहिलं सत्य होतं आणि ते खुद्द नाकोबांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कॉफी कुठल्या उताराची, ऊन किती खाल्लेली, पोत्यात किती दिवस कोंडलेली, हे सगळं ते एका चमच्यात सांगत. चमचा जिभेवर टेकायच्या आधीच सांगत, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. "दुसऱ्यांना पगार डोक्याचा मिळतो, मला नाकाचा," असं ते पाहुण्यांना ऐकवायचे आणि पाहुणे कौतुकाने त्या नाकाकडे बघायचे.

समोर सगळे त्यांना काका म्हणत, अगदी मालकसुद्धा. नाकोबा हे नाव पाठीमागचं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं.

या नाकासाठी घरातल्या माणसांनी काय काय सोसलं ते विचारू नका. चव घेण्याच्या आदल्या दिवशी घरात कांदा चिरायचा नाही. लसूण तर नावालाही नाही. साबण बिनवासाचा, तेल बिनवासाचं. लग्नात बायकोला तिच्या मावशीने सेंटची बाटली दिली होती, ती इतकी वर्षं कपाटाच्या वरच्या खणात साड्यांच्या मागे पडून होती. बायकोने एकदाच झाकण उघडलं होतं, तेव्हा नाकोबा आठवडाभर हॉलमध्ये झोपले होते.

तर त्या सकाळी ही बायको नाश्त्याच्या टेबलाशी आली आणि नाकोबांच्या अगदी समोर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

नाकोबांनी मान वर करून काय झालं म्हणून विचारलं.

"काही वास येतोय?" बायको म्हणाली.

"कसला?"

बायको मटकन खुर्चीत बसली. तिने आज अर्धी बाटली अंगावर ओतली होती. शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून खिडकी लावून घेतली होती. रात्रभर नवऱ्याचं घोरणं ऐकून तिला शंका आली होती, ती आता खरी ठरली.

"अहो, जरा म्हणून बघा, माझं नाक नेमकं."

"बाझं दाक देबकं," नाकोबा म्हणाले आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला.

सर्दी! तीही साधी नाही. नाक बंद, घसा लाल, कानात दडे बसलेले. आणि दिवस कुठला? वर्षातला सगळ्यात मोठा! आज कॅफेवाले साहेब येणार होते. त्यांची शहरभर दुकानं, प्रत्येक दुकानात सकाळपासून रांगा. या साहेबांना आता फेअर ट्रेडची कॉफी हवी होती, कारण गिऱ्हाइकं विचारायला लागली होती की बाबा, आम्ही पितो ती कॉफी पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडतं. फेअर ट्रेड म्हणजे गोष्ट साधी आहे. बाजार कितीही कोसळला तरी पिकवणाऱ्याला ठरलेल्या भावाच्या खाली द्यायचं नाही. मात्र माल चवीत उतरला पाहिजे. नाही उतरला, तर तोच माल जातो उघड्या बाजारात, आणि तिथे दलाल म्हणेल ती पूर्व दिशा.

टेकडीवरच्या पाच वाड्यांचा एक संघ होता. त्या संघाच्या बाई पाचही वाड्यांचे नमुने मांडीवर घेऊन लांबचा प्रवास करून आल्या होत्या. पाचांतली एक कॉफी निवडायची, त्या वाडीचा सगळा माल वर्षभर कॅफेवाले घेणार. आणि निवडायची कुणी? अर्थात नाकोबांच्या नाकाने!

बायको म्हणाली, सरळ मालकांना सांगा, सर्दी काय कुणाला होत नाही का. हे तिचं म्हणणं शंभर टक्के शहाणपणाचं होतं, म्हणूनच नाकोबांना पटलं नाही. कारण मालकांना एक जावई होता. तो नुकताच कुठलासा चव घेण्याचा कोर्स करून आला होता आणि भिंतीवर प्रमाणपत्र टांगायला जागा शोधत होता. नाकोबांच्या खुर्चीकडे तो येता-जाता बघायचा. एकदा तर नाकोबा जेवायला गेलेले असताना तिच्यात बसून, मागे रेलून, पाय लांबवून बघतानाही सापडला होता.

"आज सर्दी सांगितली," नाकोबा बायकोला म्हणाले, "की उद्या तो बाझ्या खुर्चीत."

बायकोने एक घशाची गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि सल्ला दिला, की निदान तोंड तरी कमी उघडा. म आणि न आला की बिंग फुटतंय. ते टाळा.

सल्ला चांगला होता. पण तुम्ही एकदा म आणि न टाळून बोलून बघा! मालक दारातच भेटले. नमस्कार म्हणावा तर त्यात न पण आहे आणि म पण. नाकोबांनी नुसते हात जोडले. तब्येत बरी ना, असं मालकांनी विचारलं. "ठीक," नाकोबा म्हणाले. सामान आलं का, खोली तयार आहे का, झोप झाली का? "हो." "हो." "हो." आज काका फारच गंभीर आहेत, असं मालक कॅफेवाल्यांना हळूच म्हणाले आणि कॅफेवाल्यांनीही आवाज खाली आणला.

चव घेण्याची खोली म्हणजे कंपनीचा गाभारा. मध्ये एक गोल, फिरतं टेबल. त्याच्या कडेने सारख्या पांढऱ्या वाट्या. प्रत्येक वाटीत दळलेली कॉफी, वर उकळतं पाणी. थोडं थांबायचं, वर आलेला जाड थर चमच्याने मोडायचा, नाक खाली घालून वास घ्यायचा आणि मग चमचाभर कॉफी सुर्रकन ओढायची, साऱ्या तोंडात फिरवायची आणि बादलीत थुंकायची. कुठली वाटी कुठल्या वाडीची हे कुणाला कळू नये म्हणून नंबराची चिठ्ठी वाटीच्या तळाला चिकटवलेली. एका वाटीची चव दुसरीत जाऊ नये म्हणून प्रत्येक घोटानंतर चमचा पाण्यात बुडवून धुवायचा. आणि सगळं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, तोंडं वाकडी करायची नाहीत. बाकीच्यांनी आधी चव घ्यायची, नाकोबांनी शेवटी. बोलायचं मात्र आधी नाकोबांनी, ही रीत.

चमचे धुवायला इतकी वर्षं एक उंच स्टीलचा पेला असे. जावईबापूंना तो पेला खुपला. पांढऱ्या वाट्यांच्या रांगेत हा डबडा पेला बरा दिसत नाही, कोर्समध्ये असं नव्हतं. म्हणून त्यांनी पेला काढून टाकला आणि धुण्याचं पाणी तशाच एका पांढऱ्या वाटीत ठेवलं. पाच वाट्या कॉफीच्या, सहावी पाण्याची. त्यांनी हे सकाळी नाकोबांना नीट समजावून सांगितलंही होतं. नाकोबांच्या कानात दडे, त्यात जावईबापूंचा आवाज हळू. त्यांना फक्त ओठ हलताना दिसले. त्यांनी मान डोलावली.

आता काय झालं ते ऐका. मालक, कॅफेवाले, संघाच्या बाई आणि जावईबापू, चौघांनी टेबलाभोवती फेऱ्या मारून चव घेतली. घोट, थुंक, चमचा पाण्यात. घोट, थुंक, चमचा पाण्यात. सहाव्या वाटीतलं पाणी आधी गढूळ झालं, मग तांबूस, आणि शेवटी ती वाटी बाकीच्या पाचांशी सोयरीक सांगण्याइतकी काळपट दिसायला लागली.

नाकोबा भिंतीशी उभे होते. गालात घशाची गोळी, हातात चमचा. आता त्यांची पाळी. ते पुढे झाले आणि त्याच क्षणी त्यांना शिंक आली. शिंकले असते तर सगळंच संपलं असतं. त्यांनी दात-ओठ आवळून दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, सगळा जोर शिंक दाबण्यात घातला, आणि टेबल गरगर फिरलं. चांगलं दोन-तीन वेळा फिरलं. शिंक गेली. पण कुठली वाटी कुठे होती हे आता देवालाच ठाऊक!

मालकांनी कॅफेवाल्यांच्या कानात सांगितलं की काका किती काटेकोर आहेत पाहा, स्वतःलासुद्धा कुणी सुचवू नये म्हणून टेबल फिरवून घेतात.

नाकोबांनी पहिली वाटी चाखली. गरम. दुसरी चाखली. गरम. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या गरम आणि कडू, याहून जास्त काही सांगण्याची त्यांच्या तोंडाची तयारी नव्हती. चमचा धुवायला त्यांनी पेला शोधला, तो जागेवर नव्हता. विचारावं तर 'पाणी' आणि 'कुठे नेलं' यांत किती संकटं! त्यांनी चमचा रुमालाला पुसला. जावईबापूंनी ते टिपून घेतलं, कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं.

आणि मग त्यांना दिसली सहावी वाटी.

नमुने पाच, वाट्या सहा? हा नक्की जावयाचा डाव! आपली परीक्षा घ्यायला त्याने एक वाटी जास्तीची घुसवली आहे. आपल्याला ती ओळखता आली नाही तर तो भर सभेत हसणार आणि संध्याकाळपर्यंत खुर्ची त्याची. नाकोबांनी चमचा बुडवला आणि घोट ओढला.

कोमट! मऊ! गेले पाच घोट ज्या घशाला चटके बसत होते, त्या घशाला पहिल्यांदा बरं वाटलं. ही वेगळी आहे, एवढं त्यांना कळलं, आणि बुडत्या माणसाला तेवढं पुरतं. ते थुंकायचंसुद्धा विसरले आणि गिळून मोकळे झाले. नाकोबांनी आजवर कुठलीच कॉफी गिळली नव्हती.

"काका?" मालक म्हणाले.

"ही," नाकोबा म्हणाले.

"ही?"

"हीच."

"कशी आहे?"

नाकोबांनी डोळे मिटले. डोळ्यांना पाणी सुटलं होतं ते सर्दीचं, पण समोरच्यांना काय ठाऊक. म नाही, न नाही असे शब्द ते मनात चाचपत होते.

"खोल," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "गोड." गालातल्या गोळीचा थंडावा तेवढ्यात घशात उतरला. "शेवटी गार."

कुणीतरी श्वास सोडला. मालकांनी ती वाटी ओढून घेतली आणि चमचाभर ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग हळूहळू सगळं उमटलं. खोल, ते म्हणाले, खरंच खोल. कॅफेवाल्यांनी चाखली. त्यांना तो शेवटचा गारवा अगदी स्पष्ट जाणवला, इतक्या वर्षांत कुठल्या कॉफीत असा गारवा मिळाला नव्हता म्हणाले. बाईंनी चाखली, नाकोबांकडे एकदा नीट पाहिलं आणि नुसती मान हलवली. जावईबापूंची पाळी आली तेव्हा त्यांनी कोर्सची सगळी पुंजी उधळली. मोगऱ्याचा गंध काय, पिकलेल्या अंजिराची गोडी काय, लोण्यासारखा पोत काय. बोलता बोलता ते स्वतःच भारावले.

मग मालकांनी नंबर बघायला वाटी उचलून तळ वर केला. तळ कोरा.

चिठ्ठी पडली वाटतं, मालक म्हणाले. त्यांची नजर पुन्हा पेला शोधायला लागली, आणि तो सापडला. खिडकीत होता. त्यात जावईबापूंची पेनं उभी होती.

पेला तिथे, मग धुण्याचं पाणी कुठे? धुण्याचं पाणी मालकांच्या हातात! आपण ते गिळलं होतं. आपण त्याला खोल म्हटलं होतं. त्यांनी जावईबापूंकडे पाहिलं, तर जावईबापूंचा चेहराही चुना फासल्यासारखा. त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं होतं. तोंड उघडावं तर मोगरा आणि अंजीर त्यांच्याच तोंडून बाहेर पडलेले! त्यांनी मूग गिळले.

"सोपं आहे," मालक म्हणाले. "बाकीच्या वाट्या उलटा. जो नंबर नाही, तीच ही."

बाकीच्या उलटल्या की एक ते पाच सगळे नंबर मिळणार, आणि मग ही सहावी कोण असं कुणीतरी विचारणारच! इतक्या वर्षांची इभ्रत त्या पाच वाट्यांच्या बुडाला चिकटलेली. नाकोबांनी एका झेपेत पाची वाट्या छातीशी गोळा केल्या, कॉफी शर्टावरून ओघळू दिली आणि कोपऱ्यातलं सिंक गाठलं.

"धुतो," ते म्हणाले आणि गरम पाण्याचा नळ सोडला.

नाकोबांनी जन्मात स्वतःचा कप विसळला नव्हता. सगळे बघतच राहिले. सिंकमध्ये पाच चिठ्ठ्या सुटून वर आल्या. नाकोबांनी सगळ्यांकडे पाठ करून त्या वेचल्या, मुठीत चुरगळल्या आणि खिशात घातल्या.

आता झाली पंचाईत. सगळ्यांत उत्तम कॉफी मिळाली आणि ती कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही! कॅफेवाले घड्याळाकडे पाहायला लागले. मालकांना घाम फुटला. शेवटी ते संघाच्या बाईंकडे वळले आणि म्हणाले की तुमच्या घरचा माल, तुम्हीच ओळखा, कुठल्या वाडीची ही?

बाईंनी वाटीकडे पाहिलं, सिंककडे पाहिलं, खिडकीतल्या पेल्याकडे पाहिलं. नाकोबांनी डोळे मिटून घेतले.

"ही पाचही वाड्यांची आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं थोडं थोडं एकत्र केलेलं."

कॅफेवाल्यांनी टेबलावर थाप मारली. असंच काहीतरी असणार हे आपल्याला जिभेवर कळलंच होतं, एका शेताची कॉफी इतकी खोल असूच शकत नाही, असं म्हणाले. आता पाचही वाड्यांचा माल घेतो, फेअर ट्रेडच्या ठरलेल्या भावाने घेतो. मात्र हेच मिश्रण मोठ्या प्रमाणावर भाजून घ्या, आठवड्याअखेरीला पुन्हा एकदा चाखू आणि मग सही. मालकांनी भाजणीचं काम तिथल्या तिथे जावयावर सोपवलं. जावईबापूंनी मान डोलावली.

जिन्यात नाकोबांनी बाईंना गाठलं. त्यांना रडू यायच्या बेतात होतं. "बाई, बला सर्दी..." एवढंच ते बोलू शकले.

"मला कळलं होतं. मी तुमच्या शेजारीच उभी होते." बाई जिन्याच्या कठड्याला टेकल्या. "काका, मी खोटं काय बोलले? पाची वाड्यांचे चमचे त्याच पाण्यात बुडाले ना? एका वाडीला निवडून परत गेले असते, तर बाकीच्या चार वाड्यांत माझ्याशी कुणी बोललं नसतं. त्यांचा माल दलालाकडे गेला असता. आता फक्त सही होईपर्यंत गप्प बसा. तुम्हाला जमेल?"

नाकोबांनी मान हलवली. गप्प बसणं त्या दिवशी त्यांना चांगलंच जमत होतं.

पुढचे दिवस त्यांचे असे गेले की शत्रूचेही जाऊ नयेत. सकाळ-संध्याकाळ डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा. छातीला बाम. जेवणात लक्ष नाही, आणि जे जेवतोय ते काय आहे याचा पत्ता नाही. बायकोने मात्र या सुट्टीचा फायदा घेतला. लसूण तळला, कांदा परतला, रोज सेंट लावला, आणि एकदा चक्क दारं-खिडक्या लावून गुणगुणली. नाकोबा आपले बसून एकच गोष्ट घोळवत होते. धुण्याच्या पाण्याला आपण उत्तम म्हटलं खरं, पण खऱ्या मिश्रणाची चव निघाली भलतीच, तर? कॅफेवाले म्हणणार ही ती नव्हे. मग पाच वाड्या गेल्या, बाईंची पत गेली आणि खुर्चीही गेली.

सहीच्या दिवशी सकाळी नाकोबा जागे झाले आणि जोरात शिंकले. बायकोच्या अंगाचा वास आला. लसणाचा आला. बाजूच्या घरातल्या साबणाचाही आला. नाक उघडलं होतं! मा, ना, मी, नी, ते आरशासमोर म्हणून बघत राहिले. बायकोने काही न बोलता बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती साड्यांच्या मागे परत ठेवून दिली.

कंपनीत पाऊल टाकल्याबरोबर नाकोबा थबकले. जळका वास. जिन्यात जळका, वऱ्हांड्यात जळका, भाजणीच्या खोलीतून तर लोटच्या लोट. बी करपली होती! भाजताना नाकाने पारखायचं असतं, तडतड झाली की वास बदलतो, तिथेच थांबायचं असतं. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. जावईबापूंना कसं कळलं नाही?

चव घेण्याच्या खोलीत सगळे जमले होते. मधोमध टेबलावर एकच मोठं भांडं, भोवती कप, आणि कागदपत्रं सहीला तयार. नाकोबांनी मोकळ्या, खणखणीत आवाजात नमस्कार केला. मालकांनी नुसते हात जोडले. कॅफेवाल्यांनी नुसते हात जोडले. बाई मान लववून उभ्या. जावईबापू रुमालात तोंड खुपसून होते.

मालकांनी घोट घेतला आणि बराच वेळ तो तोंडात धरला. "खोल," ते म्हणाले.

कॅफेवाल्यांनी घेतला. "गोड," ते म्हणाले, आणि घाईघाईने पुढे म्हणाले, "शेवटी गार."

"हीच," जावईबापू म्हणाले.

नाकोबा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. लाल नाकं, पाणावलेले डोळे, आणि जपून, तोलून बोललेले शब्द. त्यांना एकदम सगळं दिसलं. त्या दिवशी आपला उष्टा चमचा बुडालेल्या वाटीतच या सगळ्यांनी चमचे बुडवले होते! चौघांनाही सर्दी, आणि चौघंही ती एकमेकांपासून लपवून बसलेले! कॅफेवाल्यांना आपण मालाचे जाणकार नाही असं दिसू द्यायचं नव्हतं, मालकांना गिऱ्हाईक घालवायचं नव्हतं, आणि जावयाला तर खुर्ची हवी होती.

नाकोबांनी स्वतः चमचाभर घेतली. कोळसा! आत खोलवर कुठेतरी चांगल्या कॉफीची हाक ऐकू येत होती, खरंच चांगल्या, पाची वाड्या एकमेकींना सांभाळून घेत होत्या. पण वर सगळी राख. गप्प बसावं तर सही होईल, वाड्यांचं काम होईल. पण ही राख संघाच्या नावाने दुकानादुकानांत जाणार, लोक पहिल्या घोटाला तोंड वाकडं करणार, आणि पुढच्या वर्षी त्या टेकडीचं नावही कुणी काढणार नाही. बोलावं तर कॅफेवाले आत्ताच उठून जातील. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई खालच्या मानेनेच 'नको' म्हणून खुणावत होत्या.

पेन मालकांच्या हातात होतं. नाकोबांना राहवलं नाही.

"थांबा. माल उत्तम आहे. मिश्रणही उत्तम आहे. पण भाजणी करपलीय. आज पुन्हा भाजून घ्या, माझ्यासमोर, आणि मग सही करा."

मालकांनी कॅफेवाल्यांकडे पाहिलं, कॅफेवाल्यांनी जावयाकडे, जावयाने जमिनीकडे. करपल्याचा वास चौघांपैकी एकालाही येत नव्हता, आणि का येत नाही हे सांगायला एकही तयार नव्हता. मग एका गोष्टीवर त्या सगळ्यांचं एकमत झालं, न बोलताच झालं. मालक खुर्चीतून उठले, जवळ आले आणि अतिशय मायेने त्यांनी नाकोबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका," ते म्हणाले, "तुब्हाला सर्दी झाली आहे. अशी गोष्ट लपवू दका."

कुणीही हसलं नाही. कॅफेवाल्यांनी गंभीरपणे मान हलवून सही केली. नाकोबांना बरं वाटेपर्यंत रजा मिळाली, भरपगारी, आणि वर बामची नवी डबी. ते दाराशी पोचले तेव्हा जावईबापू त्यांच्या खुर्चीत बसले होते, मागे रेलून, पाय लांबवून, आणि शिंकत होते.

बाई मागून जिन्यापर्यंत धावत आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, सर्दीचं की आनंदाचं ते कळायला मार्ग नव्हता.

"काका, पाची वाड्यांचा बाल गेला," त्या हात जोडून म्हणाल्या. "आता कृपा करा, काही बोलू दका."

नाकोबांनी बामची डबी खिशात घातली. ते घरी निघाले. कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत त्यांना तो करपल्याचा वास येत होता, आणि त्या सगळ्या इमारतीत तो त्यांच्या एकट्याच्याच नाकात शिरला होता.